भाकरी कोणी थापायची?

डिसेंबर 2022 मध्ये माझ्या यजमानांनी रक्ताची तपासणी करून घेतली आणि एचबीएवनसीचा आकडा 6.2 आला. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती राहिली, हे सांगणारी ही तपासणी आहे. आकडा 5.7 च्या आत असेल तर काळजी नाही, 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि 6.5 पासून पुढे मधुमेह, असे डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे लिहून समजावून सांगितले. गोळी सुरू केली नाही. जेवण सुधारा, रोज चाला आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, एवढेच ते म्हणाले. आमच्या घरात हा शब्द हलका नाही. माझ्या सासऱ्यांची शेवटची दीड वर्षे मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर गेली आणि आठवड्यातून दोनदा त्यांना घेऊन जाणारे यजमानच होते. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येईपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.

घरात आम्ही पाच जण: सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले. राहायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, यजमान शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत आहेत. तेव्हा आमचे रोजचे खाणे साधारण असे होते: सकाळी चहाबरोबर खारी किंवा बटर, डब्यात मैद्यासारख्या चाळलेल्या कणकेची चपाती आणि बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी, संध्याकाळी मुलांना बिस्किटे नाहीतर नूडल्स, रात्री पुन्हा चपाती आणि भरपूर पांढरा भात. फौंड्रीत पाळीच्या वेळेत पाच चहा व्हायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे तेवढ्यातच चाळीस-पन्नास ग्रॅम. मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत आणि शक्य तर पंचवीसच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जेवणात वाईट म्हणावे असे काही आम्हाला कधी दिसले नव्हते, कारण ओळखीच्या बहुतेक घरांत हेच होते.

जानेवारी 2023 मध्ये मी मोठ्या उत्साहाने सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते, जिकडेतिकडे प्रदर्शने भरत होती, आणि मी तिथून ओट्स, किन्वा, नाचणीच्या नूडल्सची पाकिटे, मल्टिग्रेन बिस्किटे असे बरेच काही घरी आणले. किराण्याचे बिल जवळजवळ दुप्पट झाले. त्याचबरोबर मी पहाटे साडेचारला उठून भाकऱ्या, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, पालेभाजी आणि कोशिंबीर असा पूर्ण स्वयंपाक करून शाळेत जाऊ लागले. गुढीपाडव्यापर्यंत हे कसेबसे टिकले. एप्रिलमध्ये परीक्षांचे पेपर तपासायला आले, माझी पाठ धरली आणि एका रविवारी मी सरळ दोन ब्रेड आणून टेबलावर ठेवले. कोणीच काही म्हटले नाही. उलट सगळ्यांना हायसे वाटल्यासारखे दिसले आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटले.

ते का मोडले, यावर मी मे महिन्याच्या सुट्टीत पुष्कळ विचार केला. पहिले कारण पाकिटांचे होते. अन्न पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. मी उरलेली सगळी पाकिटे टेबलावर मांडून भिंगाने वाचली. मल्टिग्रेन बिस्किटात पहिला घटक मैदा, दुसरी साखर, तिसरे पामतेल. ज्या धान्यांची चित्रे वर छापली होती ती यादीत शेवटी, दोन-तीन टक्के. शहरातल्या एका दुकानातून आणलेल्या महागड्या ‘पाच धान्यांच्या’ पिठातही तीन चतुर्थांशाहून जास्त गहूच निघाला. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोन्तेरो या संशोधकांनी खाद्यपदार्थांची विभागणी त्यांच्यावर कारखान्यात किती प्रक्रिया झाली यावरून केली आहे, हे मी वाचले होते. त्यातली एक साधी खूण मला फार उपयोगी पडली: यादीतला पदार्थ आपल्या फडताळात असू शकतो का? शेंगदाणे असू शकतात, गूळ असू शकतो. माल्टोडेक्स्ट्रिन आणि इमल्सिफायर ही कारखान्यातली द्रव्ये असू शकत नाहीत. त्या दिवसानंतर आरोग्यासाठी म्हणून विकले जाणारे एकही पाकीट आम्ही घेतलेले नाही, आणि बिल पूर्वीपेक्षा थोडे कमीच येते.

दुसरे कारण खरे होते आणि ते मान्य करायला मला वेळ लागला. अखंड धान्य, कडधान्य आणि भाजी यांचे जेवण महाग नसते, पण त्याला हात लागतात. ब्रेडचे पाकीट फोडायला काही लागत नाही. पाच माणसांच्या दहा-बारा भाकऱ्यांना चाळीस मिनिटे लागतात, मेथीची किंवा शेपूची जुडी निवडायला वीस मिनिटे, मटकी आठवणीने आदल्या रात्री भिजत घालावी लागते आणि सकाळी उपसून बांधावी लागते. कारखान्याने आपल्या घरातून जे काम उचलून नेले होते, ते मी परत आणले आणि सगळेच्या सगळे एकटीच्या अंगावर घेतले. आहाराविषयीच्या लेखांत तंतू, जीवनसत्त्वे, उष्मांक सगळे असते. हे काम घरात कोण करणार, हा प्रश्न मी फारसा कुठे वाचलेला नाही. माझ्या मते आहार बदलण्याची सुरुवात त्याच प्रश्नापासून व्हायला हवी.

जूनमध्ये मी सगळ्यांना रात्री जेवणानंतर बसवले आणि हे असेच्या असे सांगितले. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती, मुलगा बारा. रागावून नाही, पण स्पष्ट सांगितले की मी पुन्हा सुरू करायला तयार आहे, मात्र प्रत्येकाने एक काम कायमचे घ्यायचे, ‘मदत’ म्हणून नव्हे तर स्वतःचे म्हणून. मुलीने कडधान्य घेतले: रोज रात्री काय भिजवायचे ते तिने ठरवायचे आणि तिनेच भिजवायचे. मुलाने दळण घेतले, दर शनिवारी शाळा सुटल्यावर गिरणीत डबा नेऊन आणायचा. यजमान म्हणाले, “भाज्या मी आणतो आणि निवडतो.” थोडा वेळ थांबून ते पुढे म्हणाले, “आणि भाकरी शिकतो.” सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “रोज भाकरीच खायची? मग पाहुणं आलं तर त्यांच्याफुडं काय ठेवायचं?”

त्यांच्या या प्रश्नामागे काय होते ते मला त्या रात्री कळले. त्यांचे माहेर जत तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात त्या सतरा वर्षांच्या होत्या. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, दुष्काळी कामावर सुकडी नावाचे कोरडे खाणे मिळायचे, आणि त्या मिलोच्या भाकरीची चव अजून जिभेवरून जात नाही, असे त्या म्हणाल्या. गव्हाची चपाती त्यांच्याकडे सणाला व्हायची. लग्न होऊन कोल्हापूरला आल्यावर रोज चपाती आणि पांढराशुभ्र भात ताटात आला, तेव्हा आपले बरे झाले असे त्यांना वाटले होते. आम्ही ज्याला आरोग्य म्हणून परत आणत होतो, त्यातून त्या हाल सोसून बाहेर आल्या होत्या. त्यानंतर घरात कोणीही त्यांच्यासमोर ‘पूर्वीचे लोक किती छान खात होते’ असे वाक्य बोलायचे नाही, हे मी मनाशी ठरवले. सणाला, पाहुण्यांना आणि त्यांना वाटेल तेव्हा त्यांच्यासाठी चपाती होतेच; फक्त गहू आता गिरणीतून दळून आणतो आणि पीठ चाळून कोंडा टाकत नाही.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, त्यामुळे श्रावण दोन महिन्यांचा झाला आणि मटणाचा विषय आपोआप लांबला. त्या दोन महिन्यांत यजमान भाकरी शिकले, सासूबाईंच्या हाताखाली. आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीला शाळू म्हणतात. शाळूच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून गार पाण्यात ते नीट बांधले जात नाही. कडकडीत पाणी घातले की पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ एकसंध होते. हे मी वर्गात शिकवू शकते, पण पाणी किती कडकडीत हे सासूबाईंच्या बोटांना ठाऊक असते. पीठ तळहाताच्या टाचेने रगडायचे, एका भाकरीपुरतेच घ्यायचे, आणि परातीत कोरडे पीठ भुरभुरून गोळा मधून नव्हे तर कडेकडेने थापत फिरवायचा. भाकरी उचलून तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आली पाहिजे आणि लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरला पाहिजे. पाणी सुकायच्या आत उलटली तर पापुद्रा धरत नाही, जास्त सुकू दिली तर चिरते. यजमानांच्या पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या भाकऱ्यांच्या कडा फाटल्या. त्यातले एक कारण पिठात होते. “ह्या पिठाची विरी गेलीया, म्हैन्याचं पीठ हाय हे,” असे सासूबाईंनी चिमूट चोळून सांगितले. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, जो दळल्यानंतर दिवसागणिक कमी होतो. म्हणूनच दळण आठवड्याला आणि थोडे, असे ठरले आणि मुलाच्या शनिवारच्या कामाला अर्थ आला. बाजरीचे तर आणखी कमी, कारण तिच्यात स्निग्धांश जास्त असल्याने पीठ लवकर कडू होते. दसऱ्याच्या सुमारास यजमानांची पहिली भाकरी विस्तवावर पूर्ण टम्म फुगली. सासूबाईंनी ती स्वतःच्या ताटात घेतली.

धान्याचे आता असे आहे: बहुतेक दिवस शाळू, थंडीत तीळ लावून बाजरी, उन्हाळ्यात नाचणी. नाचणी आजरा, चंदगड, गगनबावडा या भागांत पिकते, लक्ष्मीपुरीत सहज मिळते, आणि शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधात सव्वाशेच्या आसपास. सासूबाईंची हाडे लक्षात घेऊन ताक घालून तिची आंबील रोज सकाळी एक वाटी होते. भाताच्या बाबतीत मात्र आम्ही मधली वाट घेतली. मुलाने विचारले, पांढऱ्या भाताने असे काय बिघडते? तेव्हा मी त्याला जावा बेटावर आयकमान या डॉक्टरांनी पाहिलेल्या कोंबड्यांची गोष्ट सांगितली: सडून कोंडा काढलेला पांढरा तांदूळ खाऊन त्यांचे पाय लुळे पडले आणि कोंडा असलेला तांदूळ देताच त्या बऱ्या झाल्या, त्या कोंड्यात ब1 जीवनसत्त्व असते, आणि आयकमान यांना 1929 मध्ये नोबेल मिळाले. गोष्ट त्याला आवडली, हातसडीचा भात आवडला नाही. मग आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात, वाटीभरच, आणि त्याच्यापेक्षा जास्त आमटी, असे ठरले. त्यावर मी जास्त जोर केला नाही.

भाज्यांनी आम्हाला फार दिले. यजमान कामावरून येताना कपिलतीर्थ मंडईत थांबतात आणि फ्लॉवर-बटाट्याशिवाय काय काय असते हे त्यांनाच पहिल्यांदा कळले: पोकळा, चाकवत, चुका, अंबाडी, तांदळी, शेवग्याचा पाला, आणि पावसाळ्यात पन्हाळा-राधानगरीकडच्या बायका घेऊन बसतात ती कुर्डू, भारंगी, टाकळा. बातम्या बघत ते भाजी निवडतात. कडधान्यांत मटकी, मूग, काळा घेवडा, वरणा आणि हुलगे असा फेर मुलीने लावला. एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते: पहिल्या पंधरवड्यात उसळी एकदम वाढवल्या आणि सगळ्यांची पोटे फुगली, सासूबाईंना तर दोन रात्री झोप लागली नाही. तंतू हळूहळू वाढवायला हवेत आणि त्याबरोबर पाणीही. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे त्यांनी भात-चपाती एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण औषध तेवढेच राहिले तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते.

गुळाविषयी लिहिताना माझा हात जड होतो. माझे माहेर करवीर तालुक्यातले आणि घरचे गुऱ्हाळ होते. काहिलीत रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून वर येणारी मळी वडील काढत राहायचे, आणि त्या वासात माझे बालपण गेले. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा ते हयात नव्हते, याची मला खंत आहे. तरीही साखर बंद करून गूळ कितीही चालतो, हा जो समज आपल्या भागात घरोघर आहे, तो चुकीचा आहे असेच मला म्हणावे लागते. गुळात थोडी खनिजे असतात, पण त्याचा मोठा भाग साखरच आहे आणि रक्तातली साखर तो तशीच वाढवतो. गुळाचा चहा पाच वेळा प्यायला तर मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहतो. यजमानांनी चहा पाचावरून दोनावर आणला आणि त्यात अर्धा चमचा साखर ठेवली. सगळ्या बदलांत त्यांना सर्वांत अवघड गेले ते हेच, भाकरीपेक्षाही.

तेल आणि मिठाचा हिशेब मी महिन्याच्या सामानावरून केला, कारण चमच्याने मोजणे कोणाला जमत नाही. दोन हजार उष्मांकांच्या आहारात तेल-तूप मिळून दिवसाला 27 ग्रॅम, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटाच्या आराखड्यात आहे. पाच जणांचे महिन्याला चार किलो होते. आमच्याकडे तेलच सात लिटर संपत होते. आता साडेचार लिटर पुरते. मिठाची शिफारस माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे आम्हा पाचांना महिन्याला पाऊण किलो. आम्ही दीड किलो वापरत होतो, आणि त्यात चटणीतले मीठ धरलेलेच नव्हते. कोल्हापूरच्या माणसाला चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेले वर्षाचे तिखट, आणि ते प्रत्येक भाजीत पडते. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, खोबरे, तीळ, धणे, लसूण असे सगळे घेऊन उन्हाळ्यात डंकावर कुटून आणताना आम्ही तीन किलो मिरचीला किलोभर मीठ घालत आलो होतो, टिकावे म्हणून. आता मीठ निम्म्याने कमी केले आहे आणि निम्मी चटणी फ्रीजमध्ये ठेवतो. मला रक्तदाबाची सर्वांत जास्त काळजी सासूबाईंची होती आणि त्यांना चव कमी वाटली नाही, हे समाधान मोठे आहे.

तांबडा आणि पांढरा रस्सा आम्ही सोडलेला नाही आणि सोडावा असे मला वाटतही नाही. रविवारी मटण होते, आळणी सूप आधी सगळे पितात, रश्श्यावरचा कट काढून बाजूला ठेवते, भाकरीबरोबर कांदा, काकडी आणि मुळा भरपूर असतो. मिसळ बाहेर महिन्यातून एकदा, तीही ब्रेडच्या एकाच स्लाइसबरोबर. जे आपले आहे आणि घरात शिजते त्याच्यावर बंदी घातली, की घरातली माणसे चोरून बाहेर खातात. पहिल्या वेळी आमच्याकडे तेच होत होते, हे मुलाने नंतर मला स्वतः सांगितले.

डिसेंबर 2023 मध्ये यजमानांचा आकडा 5.9 आला, पुढच्या वर्षी 5.8. वजन साडेचार किलोंनी उतरले. ते रोज पहाटे रंकाळ्यावर चालतात, त्यामुळे श्रेय एकट्या जेवणाचे नाही, आणि उंबरठा अजून पूर्ण ओलांडून मागे आलेलो नाही, हे डॉक्टरांनी सांगितले आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी चालूच आहे.

मुलगी यंदा शिकायला पुण्याला गेली. पहिला आठवडाभर आमच्याकडे एकही उसळ झाली नाही, कारण रात्री भिजत घालायचे कोणाच्या ध्यानातच राहिले नाही. तिचे काम किती निमूटपणे चालले होते ते तेव्हा कळले. आता ते मुलाकडे आले आहे, दळणाबरोबर. परवा तिचा फोन आला. मेसचे जेवण सोडून तिघी मैत्रिणी खोलीवर स्वयंपाक करणार आहेत म्हणाली. चटणी हवी होती, थोडे हुलगे हवे होते. शाळूचे पीठ पाच किलो दळून पाठवू का, असे तिच्या बाबांनी विचारले, तर ती म्हणाली, “पीठ नको बाबा, विरी जाईल. शाळूच पाठवा, इथे गल्लीच्या तोंडाला गिरण आहे.”